पंचवीस रुपयांचा दंड

१९६२ सालच्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' नावाची कथा छापून आली. कथेचा नायक निशिकांत हा कवी. नीला, वनिता आणि श्यामा अशा तीन स्त्रिया त्याच्या आयुष्यात येतात, आणि लेखक त्या जवळिकीची वर्णने हात आखडता न घेता करतो. या कथेवर भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली अश्लीलतेचा खटला झाला. कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून लेखकाला पंचवीस रुपये दंड केला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी, म्हणजे अंक निघाल्यानंतर जवळजवळ सात वर्षांनी, निर्दोष सुटले.

पंचवीस रुपयांसाठी कोणी दिल्ली गाठत नाही. दंड भरून मोकळे झाले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते, आणि 'अश्लील लेखक' हा शिक्का तेवढा कायम राहिला असता. काकोडकर शिक्क्यासाठी लढले असावेत असा माझा तर्क आहे. पण त्या लढण्यातून जो निकाल आला तो देशभरच्या न्यायालयांत पुढे आधारासाठी घेतला जाऊ लागला. मराठी साहित्याच्या इतिहासात मात्र या निकालाला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. काकोडकर लायब्ररीतून रोज बदलून आणायच्या कादंबऱ्यांचे लेखक. समीक्षकांनी त्यांना दारात उभे केले नाही, मग त्यांचा खटला कोण सांभाळून ठेवणार?

मी कायद्याचा पदवीधर नाही. निकालपत्रे वाचायची सवय नोकरीच्या काळात लागली ती सुटली नाही, एवढेच. गेली काही वर्षे मराठी पुस्तके, नाटके आणि चित्रपट यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले मी एका प्रश्नाच्या मागावर राहून वाचतो आहे. न्यायाधीशाच्या डोळ्यांपुढे वाचक म्हणून नेमका कोण बसलेला असतो? माझ्या समजुतीप्रमाणे लैंगिकतेविषयीच्या कायद्यात जी काही सैलाई आली ती या काल्पनिक वाचकाचे वय, लिंग आणि अक्कल बदलत गेल्यामुळे आली. आणि चित्रपटाच्या बाबतीत ती अडली, कारण तिथला काल्पनिक प्रेक्षक वयात यायलाच तयार नव्हता.

या वाचकाचा जन्म इंग्लंडमधला. १८६८ साली हिक्लिन खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी कसोटी घालून दिली ती अशी, की ज्यांची मने अशा प्रभावांना बळी पडू शकतात आणि ज्यांच्या हाती हे लिखाण पडू शकते, त्यांना बिघडवण्याकडे त्याचा कल आहे का हे पाहावे. गंमत म्हणजे ज्या पुस्तिकेवरून हे घडले ती कॅथलिक पंथावर टीका करणारी धार्मिक पुस्तिका होती. या कसोटीमुळे घरातल्या सर्वांत कोवळ्या, सर्वांत बिथरू शकणाऱ्या माणसाच्या मापाने सगळ्यांचे कपडे शिवले जाऊ लागले. शिवाय एखादा उतारा वेगळा काढून त्यावरून सबंध पुस्तक दोषी ठरवता येत असे.

आपल्याकडे या कसोटीचा पहिला मोठा तडाखा बसला तो रघुनाथ धोंडो कर्व्यांना. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गमावणारे, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे आणि जुलै १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवणारे कर्वे वाचकांना ठाऊक आहेत. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात विषय होता वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा, आणि वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, हा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा. समलिंगी आकर्षणाविषयीच्या प्रश्नावर त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला हरला. दंड या वेळी दोनशे रुपये.

मला या प्रकरणात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कर्व्यांचा वाचक काल्पनिक नव्हता. तो पत्र लिहून प्रश्न विचारत होता. कोणाला हस्तमैथुनाची भीती घालण्यात आली होती, कोणाला आपल्या आकर्षणाची लाज वाटत होती. ज्याला बिघडण्यापासून वाचवायचे म्हणून दंड झाला तो माणूस स्वतःहून, टपालखर्च सोसून, माहिती मागत होता. न्यायालयाने त्याच्याकडे पाहिलेच नाही. त्याच्या जागी त्यांनी दुसराच कोणी बसवला.

मर्ढेकरांच्या 'काही कविता'वरही खटला झाला आणि ते सुटले. ती कहाणी आपण अनेकदा ऐकली आहे. त्यानंतरचा टप्पा मुंबईतल्या हॅपी बुक स्टॉलचा. डिसेंबर १९५९ मध्ये पोलिसांनी पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकाला तिथे 'लेडी चॅटर्लीज लव्हर'ची प्रत विकली गेली. इंग्लंडमध्ये १९६० साली ज्यूरीने पेंग्विन प्रकाशनाला याच पुस्तकाबद्दल निर्दोष सोडले, पण मुंबईच्या पुस्तकविक्रेत्यांना वीस-वीस रुपये दंड झाला. मुल्कराज आनंद यांच्यासारख्या लेखकाने बचावासाठी साक्ष दिली तरी उपयोग झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट १९६४ रोजी अपील फेटाळले. निकाल लिहिला न्या. हिदायतुल्ला यांनी. हिक्लिनची कसोटी त्यांनी थोडी घासूनपुसून घेतली, पण टाकून दिली नाही. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

अशा हवेत 'श्यामा'चा खटला चालू होता. आता दिवाळी अंक म्हणजे काय चीज आहे ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. १९०९ साली 'मनोरंजन'ने प्रथा पाडली तेव्हापासून हा अंक घरात येतो, फराळाच्या ताटाशेजारी पडतो आणि आजोबांपासून नववीतल्या मुलीपर्यंत सगळ्यांच्या हातून जातो. पुस्तक कपाटात लपवता येते, दिवाळी अंक लपवता येत नाही. मला वाटते, इतर महिन्यांत ज्या कथेकडे कोणी ढुंकून पाहिले नसते ती दिवाळीत आली म्हणून डोळ्यांवर आली. हिक्लिनच्या कोवळ्या वाचकाला मराठी घरात इतकी हमखास जागा दुसऱ्या कुठल्या छापील वस्तूत नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न्या. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिला. उच्च न्यायालयाने काही उतारे बोट ठेवून दाखवले होते. रेड्डींनी ते उतारे कथेच्या ओघात परत ठेवून वाचले. अश्लीलतेची कल्पना देशादेशांत वेगळी असते, फ्रान्समध्ये जे साहित्य ते इंग्लंडमध्ये अश्लील ठरू शकते आणि दोन्हीकडे चालणारे आपल्याकडे चालणार नाही, हे त्यांनी मान्य केले. पण त्याच श्वासात, आपल्या समाजाची मापेही झपाट्याने बदलत आहेत, आजच्या प्रौढांना आणि वयात येणाऱ्या मुलांना प्रेम आणि कामभावना असलेले पुष्कळ साहित्य वाचायला मिळते, याकडेही बोट दाखवले. म्हणजे त्या नववीतल्या मुलीला त्यांनी खोलीबाहेर काढले नाही. ती आधीच बरेच काही वाचून बसली आहे, एवढे कबूल केले.

आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती या निकालातली सर्वांत मोलाची वाटते. न्यायमूर्तींनी 'श्यामा'ला थोर साहित्य म्हटले नाही. कथा फार उच्च दर्जाची नसेल, लेखकाचा अपुरा अनुभव आणि कच्चेपणा तीत दिसत असेल, असे त्यांनी सरळ लिहिले. आणि तरीही ती अश्लील नाही असे ठरवले. मर्ढेकरांचा बचाव करताना 'हे श्रेष्ठ काव्य आहे' असे म्हणता येत होते. लॉरेन्ससाठी तसे म्हणूनही फळ मिळाले नव्हते. काकोडकरांसाठी असे कोणी म्हणणार नव्हते. सामान्य लेखकाच्या सामान्य कथेलाही मोकळे राहण्याचा हक्क आहे, हे एका मराठी दिवाळी अंकामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावर आले. आमच्या समीक्षेने काकोडकरांना जे दिले नाही ते न्यायालयाने दिले असे म्हणणार होतो, पण न्यायालयानेही साहित्यिक गुण दिलेच नाहीत. तसे बरेच झाले.

काकोडकरांचे ते वर्ष एकूणच चांगले गेले. त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून राज खोसला यांनी काढलेला 'दो रास्ते' त्याच १९६९ साली आला आणि राजेश खन्नाच्या लाटेत तुफान चालला. तो कौटुंबिक चित्रपट, त्यात कात्री लावण्यासारखे काही नव्हते.

त्याच वर्षी संसदेने कलम २९२ दुरुस्त केले. विज्ञान, साहित्य, कला यांच्या दृष्टीने लोकहिताचे लिखाण असेल तर ते गुन्ह्यातून वगळले गेले. पण शिक्षा वाढवली. पूर्वी जास्तीत जास्त तीन महिने कैद होती, ती पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षे झाली आणि दंड दोन हजारांपर्यंत गेला. दार रुंद केले आणि उंबरठा उंच केला.

आता चित्रपटाकडे वळतो. मी राहतो वर्सोव्यात, यारी रोडच्या बाजूला. इकडे चहाच्या टपरीवर उभे राहिले तरी 'यूए मिळेल का' हा प्रश्न कानावर पडतो. आरामनगरच्या बैठ्या घरांतून ऑडिशनची रांग असते. आमच्या दक्षिणेला लागून जुहू, आणि जुहूला राहत ख्वाजा अहमद अब्बास. 'श्यामा'चा निकाल लागला तेव्हा अब्बास यांचाही झगडा चालू होता. त्यांनी 'चार शहर एक कहानी' हा लघुपट काढला होता. कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या शहरांतली श्रीमंती आणि दैन्य त्यात समोरासमोर ठेवले होते. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. त्यांना सर्वांसाठी खुले असे 'यू' प्रमाणपत्र हवे होते. सेन्सॉरने 'फक्त प्रौढांसाठी' म्हटले, पुढे काही दृश्ये कापल्यास 'यू' देऊ असे सांगितले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी सुरू झाल्यावर सरकारने कात्री न लावता 'यू' देण्याची तयारी दाखवली. तिथे दुसरा कोणी थांबला असता. अब्बास यांनी अर्ज दुरुस्त करून पूर्वपरीक्षणाच्या मुळालाच हात घातला. काकोडकरांचे पंचवीस रुपये आणि अब्बास यांचे न कापलेले दृश्य यांत मला एकच हट्ट दिसतो.

निकाल २४ सप्टेंबर १९७० रोजी लागला. लिहिणारे तेच हिदायतुल्ला, आता सरन्यायाधीश. त्यांनी सहा वर्षांत पुष्कळ पल्ला काटला होता. कामविषय आणि अश्लीलता एकच नव्हेत, कलेला संरक्षण देणारे निकष असायला हवेत, प्रमाणपत्राला मुदत असावी आणि सरकारकडेच दाद मागण्याऐवजी स्वतंत्र लवाद असावा, हे सगळे त्यात आहे. पण मुख्य मुद्द्यावर अब्बास हरले. चालते-बोलते चित्र माणसाला इतर कलांपेक्षा जास्त खोलवर हलवते, म्हणून ते दाखवण्याआधी तपासणे घटनेत बसते, असे न्यायालयाने ठरवले. पुस्तकाचा वाचक वर्षभरापूर्वी मोठा झाला होता. चित्रपटाचा प्रेक्षक अंधारात बसलेले, पटकन हलणारे मूलच राहिला. ज्या गल्लीची दृश्ये मुलांना दाखवायची की नाही यावर इतका खल झाला, त्या गल्लीत मुले राहत होती, शाळेत जात होती, याचा विचार मात्र दोन्ही बाजूंच्या कागदात कुठे डोकावत नाही.

या प्रेक्षकाचा इतिहास ब्रिटिशांपर्यंत जातो. १९२० च्या मुंबई सेन्सॉर मंडळावर पोलीस आयुक्त अध्यक्ष असे, आणि साहेबाची चिंता गोऱ्या बायका पडद्यावर पाहून 'नेटिव्ह' काय समजेल ही होती. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, चिंता राहिली. ती शहरी सुशिक्षितांकडे आली आणि 'पिटातल्या पब्लिक'विषयी वाटू लागली. त्या पब्लिकने दादा कोंडक्यांचे चित्रपट डोक्यावर घेऊन आपल्या परीने उत्तर दिले. सेन्सॉरची कात्री चित्रावर चालते, दुहेरी अर्थ ज्याच्या त्याच्या डोक्यात असतो, हे दादांइतके कोणाला कळले नाही.

नाटकांचे तिसरेच. पुस्तक छापल्यावर पकडतात, नाटक मात्र चित्रपटासारखे आधी तपासतात. मुळात १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा, नंतर १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालचे नियम, आणि त्यांतून आलेले रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. १९७२ च्या मार्चमध्ये विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' आले तेव्हा मंडळाने इतके काट सुचवले की नाटकच उरले नसते. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. 'बाइंडरचे दिवस'मध्ये त्यांनी ते सगळे लिहून ठेवले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. निळू फुल्यांचा सखाराम आणि लालन सारंगांची चंपा यांनी प्रेक्षागृहात नेमका कोणाला धक्का दिला, हा प्रश्न मला मंडळाच्या हरकतींपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. तिकीट काढून आलेला मध्यमवर्गीय प्रौढ प्रेक्षक, म्हणजे ज्याला कायद्याच्या संरक्षणाची गरज नाही असे धरले जाते तोच, सर्वांत जास्त बिथरला होता.

त्याच तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आले. मुलीवर प्रेम करणारी मित्रा रोहिणी हट्टंगडींनी उभी केली, दिग्दर्शन विनय आपट्यांचे. दगड पडले नाहीत. सतरा वर्षांनी दीपा मेहतांचा 'फायर' आला. सेन्सॉरने तो १९९८ साली एकही दृश्य न कापता प्रौढांसाठी मंजूर केला होता. तरी २ डिसेंबरला मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी गोरेगावचे सिनेमॅक्स आणि न्यू एम्पायर या चित्रगृहांत तोडफोड केली, आणि मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी आंदोलकांची पाठराखण केली. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे पाठवला गेला. दिलीपकुमार, महेश भट्ट आदींनी संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी १९९९ मध्ये सेन्सॉरने तो पुन्हा जसाच्या तसा मंजूर केला. मी त्यानंतर पाहिला, अर्ध्या रिकाम्या थिएटरात. मागच्या रांगेतल्या दोन मध्यमवयीन बायका मध्यंतरात उठून जातील असे वाटले होते, त्या शेवटपर्यंत बसल्या.

'मित्राची गोष्ट' आणि 'फायर' यांत फरक कशाचा? काही जण म्हणतील काळाचा, राजकारणाचा. ते आहेच. पण नाटक पाहणारे आपलेच, मोजके, ही खात्री होती. चित्रपट कोण पाहील याची खात्री नव्हती. यात मला एक विचित्र उलटापालट दिसते. १९३४ साली न्यायालय कडक होते आणि वाचक प्रश्न विचारत होता. १९९८ साली सेन्सॉर मंडळ, ज्याला आपण एरवी नावे ठेवतो, ते दोनदा मोकळेपणाने वागले आणि आडवा आला तो रस्ता. त्याआधी १९९६ साली 'बँडिट क्वीन'मधली नग्नता वासना चाळवण्यासाठी नाही, अत्याचाराची किळस यावी म्हणून आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले होते. त्या प्रकरणात चित्रपटाला हिरवा कंदील दाखवणाऱ्या अपील लवादाचे अध्यक्ष मुंबईचे न्या. लेंटिन होते आणि सदस्यांत स्त्रिया होत्या. अब्बास यांच्या निकालात ज्या लवादाची सूचना होती तो हाच. १९८३ पासून काम करू लागला.

पुढची सैलाई आपण डोळ्यांदेखत पाहिली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनची कसोटी बाजूला ठेवून समकालीन समाजाची मापे हीच कसोटी मानली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. कर्व्यांच्या पत्रलेखकाला उत्तर मिळायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

चित्रपटाची रेषा मात्र वाकडीतिकडीच जाते. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा चित्रपट जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या स्त्रीची कथा सांगतो. पोट भरण्यासाठी आणि मुलाला शिकवण्यासाठी ती हे काम करते. २०१७ च्या गोव्याच्या महोत्सवात इंडियन पॅनोरमासाठी परीक्षकांनी तो निवडला, मंत्रालयाने यादीतून काढला, परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. काही आठवड्यांत त्याच चित्रपटाला सेन्सॉरने एकही कात्री न लावता 'ए' प्रमाणपत्र दिले. म्हणजे तिकीट काढून येणाऱ्या कोणाही प्रौढाने तो पाहावा, पण महोत्सवातल्या जाणकारांनी पाहू नये. हिक्लिनचा कोवळा वाचक इथे नेमका कोण, हे मला अजून सापडलेले नाही.

अमोल पालेकरांनी २००१ साली कर्व्यांवर 'ध्यासपर्व' काढला. त्यांनीच २०१६ साली नाटकांच्या पूर्वपरीक्षणाला मुंबई उच्च न्यायालयात, आणि पुढच्या वर्षी चित्रपटांच्या परीक्षणाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. हे दोन अर्ज मी एकामागून एक ठेवतो तेव्हा अब्बास यांची फाईल पुन्हा उघडल्यासारखी वाटते. मधल्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, अपील लवाद मोडीत निघाला. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते. छोट्या निर्मात्याला प्रदर्शनाची तारीख समोर असताना ते परवडत नाही. त्यामुळे तो सुचवलेले काट मुकाट्याने स्वीकारतो. वर्सोव्यात असे सांगणारे मला बरेच भेटले. त्यांच्या कापलेल्या दृश्यांचे खटले होत नाहीत, निकालपत्रे निघत नाहीत आणि माझ्यासारख्याला वाचायला काही उरत नाही.

एका बाबतीत मात्र प्रेक्षक खरोखर वाढला. १९८३ साली 'यूए' आले. २०२१ च्या नियमांनी मोबाइलवर दिसणाऱ्या मालिकांसाठी, आणि २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांसाठीही, त्यात सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे पडले. दीडशे वर्षे ज्याचे वय कोणी विचारले नव्हते त्या कोवळ्या मनाला आता जन्मतारीख मिळाली आहे. आमच्याकडच्या एका तरुण लेखकाला मी हे कौतुकाने सांगितले, तर तो म्हणाला, "काका, आम्ही सीन लिहितानाच वकिलाला दाखवतो. वय नंतर ठरतं."

१ जुलै २०२४ पासून दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलम २९२ आता २९४ झाले आहे. १९६९ ची साहित्य-कलेची सवलत त्यात कायम आहे, पहिल्या गुन्ह्याची दोन वर्षांची कैदही कायम आहे, इलेक्ट्रॉनिक मजकुराचा उल्लेख नव्याने घातला आहे. दंडाची मर्यादा पाच हजार रुपये केली आहे.